सहनशीलता: तीन

११ ऑगस्ट, सोमवार

खताच्या दुकानानं फुकट वाटलेली डायरी आहे, मागच्या वर्षीची. वार चुकीचे छापलेत, खोडून लिहीत जाणार. मामी डायरी देताना म्हणाली, "तोंडानं बडबडण्यापरास हितं बडबड. घरातल्यास्नी झोप तर लागंल."

नवी वही म्हणून रीतसर लिहिते. मी क्रांती. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. मग हंपी, गोकर्ण, आणि गोव्यात एका होस्टेलवर वायफाय आणि गिऱ्हाईक दोन्ही सांभाळायला. कुठंही टिकले नाही. कुणी वाकडं बोललं की सॅक उचलायची आणि एसटी बघायची, हा आपला नियम. जूनपासून इथं कसबा बावड्यात, आकाराम मामाकडं. मामा दूध संस्थेत टेस्टर. दुधाची फॅट काढायची, म्हणजे त्यात लोणी किती ते सांगायचं, हे त्याचं मी जन्मायच्या आधीपासूनचं काम. ऑपरेटर पोरगीचं लग्न झालं म्हणून कॉम्प्युटरवर मला बसवलंय. सकाळी एक पाळी, संध्याकाळी एक.

आज बाळाबाईची फॅट नऊ पॉइंट सात लागली. म्हशीचं दूध साडेसहा-सातच्या आसपास असतं, आणि फॅट जास्त तसा दर जास्त. रांगेतनं एकजण ओरडला, "बाळाबाई, म्हशीला तूप पाजतीस काय गं?"

"तू तुझ्या म्हशीला पाणी पाजायचं कमी कर, मग तुझीबी लागंल."

सगळे हसले. पण हसण्यात जरा खडा होता. बाळाबाईची किटली रोज पहिली असते, कारण तिचं घर संस्थेच्या भिंतीला लागून. तिच्या मागं आमच्याच गल्लीतली आणखी तीन घरं. ह्या चौघांचीच फॅट अधूनमधून आभाळाला जाते. आणि फॅट काढणारा आमच्या गल्लीतला. लोकांना दोन अधिक दोन करायला वेळ लागत नाही.

फॅट मशीनची स्वतःची काचपट्टी कधीची गेलीय. आकडा वायरीतनं थेट कॉम्प्युटरात जातो. कॉम्प्युटर म्हणजे साधा नाही, सर्व्हर. एका बंद पडलेल्या ऑफिसातनं जुना घेतलेला, पण चेअरमन पिराजीराव पावण्यांना दाखवताना "आपल्यात सर्व्हर हाय" असं म्हणतात, जसं काय घरात हत्ती बांधलाय. भिंतीवर गेल्या खंडेनवमीचा फोटो आहे, मोठी फ्रेम करून. सर्व्हरचं झाकण उघडलंय, चेअरमन आत हळदकुंकू वाहतायत, दुसऱ्या हातात दुधाचा पेला, कारण संस्था दुधाची. फोटोत सगळे हसतायत. कॉम्प्युटरवाला अरिहंत तेवढा हसत नाही.

मामीच्या मांजरीला पिल्लं झाली. तीन. एक पांढरं.

१३ ऑगस्ट

आज रांगेसमोर झालं. बाळाबाईची नऊ पॉइंट सहा, पुढच्या किटलीची दहा पॉइंट तीन. चेअरमन खुर्चीतनं उठून आले.

"आकाराम, तुझी गल्ली म्हंजे काय लोण्याचा डोंगर हाय व्हय? का मामा-भाची मिळून खेळ चाललाय?"

मामा काचेचं भांडं धूत राहिला. मी म्हटलं, "चेअरमन, आकडा मशीन देतंय. मी बोटसुद्धा लावत न्हाय."

"मशीन चोरी करत न्हाय, पोरी. चोर माणूस आसतो. मी समद्यांसमोर सांगतोय, हितं चोर हाय. गणपती होऊ द्यात, मग मीटिंग घेतो आणि नवा टेस्टर बसवतो."

चाळीसएक माणसं. सगळ्यांच्या हातात किटल्या. नजरा किटलीत. मला वाटलं, मामा आता भांडं फेकणार. त्यानं ते उपडं घातलं, पंचानं हात पुसले आणि म्हणाला, "फुडं या."

घरी मी ओरडले. "चोर म्हणला तो तुला!"

"म्हणू दे. जाऊ दे की."

जाऊ दे! ह्या माणसाच्या तोंडात दुसरा शब्दच नाही. मामीनं भाकरी थापता थापता तोंड फिरवलं. ती जेवली नाही, पोट बरं नाही म्हणाली. मी सॅक काढली. चेन अडकलीय. उद्या गोकर्ण.

१४ ऑगस्ट

गेले नाही. सॅक उचलायला गेले तर चेन धड होती, मेणबत्ती फिरवून मऊ केलेली. मामी म्हणाली मामानं केलं, पहाटे. म्हणजे त्यालाही मी गेलेली पाहिजे. मग तर मुळीच जात नाही.

१६ ऑगस्ट

मामानं माळ्यावरनं जुन्या पद्धतीचं सामान उतरवलं. काचनळीत दूध, त्यात अॅसिड, मग नळ्या चक्रात घालून हातानं गरागरा फिरवायच्या. लोणी वेगळं होऊन नळीच्या मानेत चढतं, ते मोजायचं. बाळाबाईच्या दुधाची फॅट हातानं सहा पॉइंट पाच आली. कॉम्प्युटरात नऊ पॉइंट सात.

मामा नळी घेऊन चेअरमनकडं गेला. भोळा माणूस. चेअरमन म्हणाले, "म्हंजे दूध साडेसहाचं, आणि कॉम्प्युटरात तुमीच वाढवलंसा. कबूल झालं की मग!"

मी रागानं सायकल काढली ती थेट कळंब्यापर्यंत. तिथल्या तळ्यावर एक माणूस बगळ्याचे फोटो काढत होता, बगळा काही केल्या मान वर करेना. मी तासभर बगळ्यासाठी थांबले. घरी आल्यावर आठवलं की मी रागात होते.

१९ ऑगस्ट

ऐक गं वही. नऊ पॉइंट सात वजा सहा पॉइंट पाच, तीन पॉइंट दोन. काल मामाला पहिल्या चौघांचं हातानं काढायला लावलं. दुसरीची सात पॉइंट एक, कॉम्प्युटरात दहा पॉइंट तीन. तीन पॉइंट दोन! ज्याची वाढते त्याची तेवढीच वाढते, केसभर इकडं नाही की तिकडं. चोर असता तर कधी एक वाढवला असता, कधी दोन. चोराला काही लाजबिज असतेच की.

आणखी एक. तिसऱ्या घरात म्हैसही आहे आणि गाईही. गाईच्या दुधाला चोर शिवत नाही. साडेतीनची साडेतीनच राहते. रांगेतले म्हणतात, म्हशीवाल्यांशी साटंलोटं. मी म्हणते, चोराला बत्तीसची आवड आहे. पॉइंट काढला तर बत्तीसच की. कॉम्प्युटरच्या पोटातली वजनंच अशी असतात: एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. पासष्ट लिहायचं तर चौसष्टचं वजन ठेवायचं आणि एकचं. आता कुणाच्या पारड्यात बत्तीसचं वजन चिकटूनच बसलं असेल तर? पासष्टचे सत्त्याण्णव! आणि गाईच्या पस्तीसमध्ये बत्तीस आधीच असतं, मग चिकटलेलं कळणार कसं?

हे मला तळ्यावर सुचलं नाही, किटल्या विसळताना सुचलं. बगळ्याचा वेळ वाया गेला.

२१ ऑगस्ट

मंगळवार पेठेत अरिहंतच्या दुकानात गेले. कॉम्प्युटर दुरुस्ती, झेरॉक्स, आणि आता गणपतीच्या लायटिंगच्या माळा पण. माझं बत्तीस ऐकल्यावर त्यानं हातातली माळ खाली ठेवली.

"मेमरी गेलीय," म्हणाला.

"मग ओरडत का न्हाय? तो सर्व्हर हाय न्हवं? सर्व्हरच्या मेमरीला स्वतःची चूक कळती म्हणं."

तो म्हणाला, "चहा घेणार?"

"अरिहंत."

"ओरडत होता," तो म्हणाला. "गेल्या दिवाळीपासनं. रांग भरात आली की मधीच बंद पडायचा, पडद्यावर हार्डवेअर एरर. चेअरमननी मला बहिणीच्या लग्नात फोन केला. मी हातात अक्षता घेऊन उभा. म्हणाले, काय बी कर, पण बंद पडता कामा न्हाय. मी लग्नातनंच मोबाईलवरनं आत शिरलो आणि टॉलरंट तीन केला."

"म्हंजे?"

मग त्यानं सांगितलं. मला तिथंच कळलं, पण पटायला घरी यावं लागलं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. चेअरमन फोटोत असतो आणि काम सेक्रेटरी करतो, तसा हा सेक्रेटरी. मेमरी, पंखा, वीज, सगळ्यांची गाऱ्हाणी ह्याच्याकडं येतात. मेमरीत प्रत्येक वजनाला एक तार, त्यातली एक चुकली तर ती आपली आपण दुरुस्त होते, कर्नल फक्त नोंद ठेवतो. दोन तारा एकदम चुकल्या तर दुरुस्ती होत नाही. मग कर्नल सगळं जागच्या जागी थांबवतो. मरेन, पण चुकीचा आकडा पुढं देणार नाही, असा त्याचा बाणा. जुन्या कर्नलमध्ये ह्या बाण्याला एक बटण असतं. त्याचं नाव टॉलरंट. सहनशीलता. शून्य ठेवली तर चूक दिसली की थांबतो. तीन ठेवली तर काय वाट्टेल ते होऊ दे, थांबत नाही. अरिहंतनं नोंद ठेवणारा प्रोग्रामही बंद करून टाकला होता, कारण त्याच्या लाल ओळी बघून चेअरमनना घाबरायला व्हायचं.

"म्हंजे तोंड बांधलंस त्याचं."

"दोन दिवसांसाठी बांधलं होतं गं. मग विसरलो."

पहिल्यांदा मी चहा न घेता उठले. मग परत बसून घेतला, कारण बिस्किटं चांगली होती.

रात्रभर— नाही, खोटं कशाला लिहू, झोपले. पण झोपताना एकच डोक्यात होतं: सहनशीलता तीन. हे तर आमच्या घरात समोरच्या खाटेवर घोरतंय.

२२ ऑगस्ट

अरिहंत आला, मला पासवर्ड दिला आणि स्क्रूड्रायव्हर विसरून गेला.

एक कोडं राहिलं होतं. दर वेळी तेच चार लोक का? उत्तर झोपेत आहे, मशीनच्या. आमचा सर्व्हर कधीच बंद होत नाही. चेअरमनना चालू व्हायला वेळ लागलेला खपत नाही, आणि दिवसभर चालू ठेवला तर लाईट बिल. म्हणून पाळी संपली की त्याला निजवायचं. त्या झोपेत पंखा बंद, डिस्क बंद, मेंदू बंद, फक्त मेमरीला बारीक करंट चालू, निजताना देवापुढं समई ठेवावी तसा. उठवलं की जिथं थांबला तिथनं पुढं. म्हणजे यादीतले पहिले चौघे दिवाळीपासून मेमरीच्या त्याच खोल्यांत राहतात आणि त्यांच्याच खोल्यांत बत्तीस चिकटलेलं आहे. दोन तारा म्हणजे दुसरी पण असणार. ती कुठल्यातरी रिकाम्या खणात पडत असेल, म्हणून दिसत नाही. दिवाळीत थोडं होतं, आता पावसाळ्याच्या दमटीनं वाढलं असणार.

मग साधं आहे. सर्व्हर पूर्ण बंद करून चालू केला की सगळ्यांच्या खोल्या बदलतील. चोर घर बदलेल. बघू कुणाकडं जातो ते.

२४ ऑगस्ट, रविवार

काल संध्याकाळी बंद-चालू केला. आज बाळाबाईची सहा पॉइंट सहा. ती माझ्यावरच उसळली, "काय गं ए, घाबरून कमी केलंस व्हय?"

रांग अर्धी झाली. काही नाही. मग एक मोठा चकचकीत कॅन आला, गड्याच्या डोक्यावर. दहा पॉइंट शून्य. मी चिट्टीवरचं नाव दोनदा वाचलं.

चोर चेअरमनांच्या गोठ्यात शिरलाय!

मी मामाला खुणावलं. मामानं त्यांच्याच दुधाची हातानं काढली, सहा पॉइंट आठ. तीन पॉइंट दोन! मी नाचायच्या बेतात होते. चेअरमननी चिट्टी बघितली, घडी घातली, खिशात ठेवली. संध्याकाळची पण तशीच. ती पण खिशात.

पांढरं पिल्लू दुधाच्या हौदाकडं जायला शिकलंय.

७ सप्टेंबर

गणपतीत काही लिहिलं नाही. ढोल, ट्रॅक्टर, आणि पायाला फोड. मिरवणूक आज दुपारी संपली म्हणे, मी मधेच झोपले. अरिहंत पापाच्या तिकटीच्या चौकात भेटला, माझ्यासाठी पाण्याची बाटली घेऊन उभा होता, म्हणाला सहज उभा आहे. स्क्रूड्रायव्हर न्यायला मात्र विसरतो रोज.

रविवारी चौदाला मीटिंग.

९ सप्टेंबर

चेअरमनना सगळं सांगितलं. बत्तीस, खोल्या, झोप, त्यांचा स्वतःचा कॅन. त्यांनी शांतपणे ऐकलं. मला वाटलं जिंकले.

"म्हंजे तू आमच्या कॅनावर बी हात मारलास," ते म्हणाले. "मामाचं नाव आलं म्हणून सूड व्हय? आता मशीनला हात लावायचा न्हाय. नुसतं बटण दाबायचं."

"मग तुमी पंधरा दिस चिट्ट्या खिशात का घातल्यासा?"

हे ऐकल्यावर त्यांचा आवाज बारीक झाला. बारीक आवाजातला माणूस जास्त वाईट. "मीटिंगआदी मेमरी बदलून घेतो. मशीन बी नीट, विषय बी मिटला. तुझा मामा सन्मानानं घरी बसंल. वय झालं त्याचं."

दुपारी अरिहंतला सांगितलं. त्याला फोन आधीच आला होता. मेमरी आली की शनिवारी बसवायची. "बरं झालं की," तो म्हणाला, "नीट होईल."

"मशीन नीट होईल. मामाचं काय? तू नवी मेमरी बसवलीस की चूक जाणार. चूक गेली की, टेस्टर बदलला आणि चोरी थांबली, असंच दिसणार जगाला! नोंद तू बंद करून ठेवलीस. साक्षीला काय आहे आपल्याकडं?"

तो लायटिंगच्या माळा गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "शनिवारी दुपारच्या आत मी येऊ शकत नाही. सकाळची पाळी तुझी."

एवढंच. भित्रा आहे पण मठ्ठ नाही.

१२ सप्टेंबर

मामाला विचारलं, "उद्या मशीन रांगेत बंद पडलं तर चालंल?"

"का पडंल?"

"कारण मी त्याचं तोंड सोडणाराय."

तो मामीकडं बघून म्हणाला, "चक्राला तेल घालून ठेव गं." मामी उठली आणि माळ्यावरनं सगळ्या काचनळ्या खाली काढल्या. मला वाटलं, बाईला अवेळी साफसफाई सुचतीय.

खरं लिहिते. भीती वाटतेय. मशीन नाही थांबलं तर? माझं बत्तीस म्हणजे बगळाच निघाला तर? सॅक दाराशी ठेवलीय. गोकर्णची गाडी सकाळी साडेनऊला आहे.

१३ सप्टेंबर, शनिवार

वही, आज सगळं क्रमानं लिहिते.

पाळीआधी आत गेले. टॉलरंटच्या फायलीत तीन होतं. शून्य केलं. एक आकडा. एंटर दाबल्यावर काहीच झालं नाही, म्हणजे दिसलं काहीच नाही. रांग सुरू झाली. बाळाबाई, सहा पॉइंट पाच. एकामागनं एक किटल्या. चेअरमन खुर्चीत पेपर वाचत होते. मग चकचकीत कॅन आला. मामानं नमुना घेतला. माझं बोट बटणावर.

दाबलं.

पडदा काळा झाला. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी आल्या आणि सगळं थांबलं. प्रिंटर मधेच. काट्याचा आकडा मधेच. रांगेतनं शिट्टी आली, मग आरडाओरड. "ए, दूध नासंल!" "चेअरमन, तुमचा हत्ती बसला!"

चेअरमन धावत आले. "काय केलंस?"

"वाचून दाखवू?" मी म्हटलं, आणि खुर्चीवर चढून मराठीत सांगितलं, जेवढं मला कळतं तेवढं. "ह्यो म्हणतोय, हार्डवेअर एरर. म्हणतोय, ही सॉफ्टवेअरची चूक न्हाय. मेमरी, तीन नंबरचा खण. म्हणतोय, चुकीचा आकडा लिहिण्यापरास मी थांबतो. दिवाळीपास्नं ह्याला सांगायचं होतं, आपण ह्याचं तोंड बांधून ठेवलंतं. आणि कुणाच्या कॅनावर थांबलाय ते तुमीच बगा!"

सगळ्यांनी बघितलं. गडी कॅन धरून उभा, कुठं लपू असं झालेलं.

चेअरमन माझ्याकडं न बघता मामाकडं वळले. "आकाराम, पोरीला सांग, हाय तसं कर. आत्ताच्या आत्ता. न्हायतर उद्याच्या मीटिंगची गरज न्हाय, तू आत्ताच घरी."

मला ठाऊक होतं मामा काय म्हणणार. दोन शब्द. मी सॅकची चेन कुठं अडकली तेच आठवत होते.

"न्हाय," मामा म्हणाला.

"काय?"

"न्हाय म्हणलो. ऱ्हाऊ दे त्याला बंद. खरं बोलतंय ते. दूध मी घेतो." आणि त्यानं फळीवरचा पंचा ओढला. खाली चक्र, नळ्या, सगळं मांडलेलं, तेल घातलेलं. मामी मागच्या दारातनं आत आली आणि चक्राचा दांडा धरला.

संपूर्ण रांगेची फॅट हातानं काढली. मी वहीत आकडे लिहीत होते आणि मामा ओरडत होता. उशीर झाला, ऊन चढलं, लोक शिव्या देत होते, पण एकही किटली माघारी गेली नाही. बाळाबाई दुसऱ्यांदा रांगेत येऊन उभी राहिली, नुसतं बघायला. "चेअरमनची सांग की मोठ्यानं," ती म्हणाली. "सहा पॉइंट सात!" मामा ओरडला, आणि इतका ओरडला की शेजारच्या शाळेतली पोरं खिडकीत आली.

दुपारी अरिहंत आला. सगळ्यांसमोर झाकण उघडलं. आधी वास आला. आंबट, दह्याची चरवी विसरल्यासारखा. तीन नंबरच्या खणात हळद बसलेली, घट्ट, पिवळी, आणि खालच्या तांब्याच्या पट्ट्यांवर वाळलेल्या दुधाचा हिरवट थर. एकेकाची मान हळूहळू वर झाली, भिंतीवरच्या फोटोकडं. हळदीचा हात. दुधाचा पेला.

गोकर्णची गाडी कधीच गेली होती. सॅक दाराशीच आहे, पांढरं पिल्लू आत झोपलंय.

१४ सप्टेंबर

मीटिंग. ठराव असा: "यंत्रातील बिघाडामुळे नोंदीत तफावत. बिघाड दुरुस्त. विषय संपला." मामा टेस्टर म्हणून कायम. अरिहंतनं उभं राहून सांगितलं की नोंद त्यानं बंद केली होती. तेवढं तरी बोलला.

मी टाळ्या वाजवणार तोच मामा उठला.

"मला चोर कुठं म्हणलासा, पिराजीआण्णा?"

"आता काढू नगं ते, आकाराम. ठरावात आलंय की सगळं."

"ठरावात न्हवं. रांगंत म्हणलासा. ज्या तोंडानं, ज्या रांगंत, तितंच सांगायचं. तवर मी भांड्याला हात लावत न्हाय."

आणि टेस्टरच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवून तो घरी आला. माझ्या मामाबद्दल बोलतेय मी. आमच्या जाऊ-दे मामाबद्दल!

मी म्हटलं, "मामा, तुझी सहनशीलता तीनवरनं शून्य कुणी केली?"

त्याला कळलं नाही. तो म्हणाला, "तू जाशील म्हणून गप बसलोतो. भांडण झालं की तू गाव सोडतीस."

ह्याचा अर्थ काय ते कळलं नाही. मी थोडीच भांडणाला घाबरते.

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी रांग तशीच उभी. मशीन नव्या मेमरीचं, चालू, कर्नल जागा. खोलीत टेस्टर नाही. चेअरमननी एकाला बसवून बघितलं, त्यानं पहिलंच भांडं फोडलं.

मामा बाहेर कट्ट्यावर बसला होता, धुतलेला सदरा घालून. बाळाबाई दारातनं चेअरमनना म्हणाली, "दूध नासलं तर नासलं, आण्णा. आमी थांबतो." तिच्या मागचा म्हणाला, "मी बी." ज्यानं तूप पाजतीस काय विचारलं होतं तोच.

ऊन किटल्यांवर चमकायला लागलं. मग चेअरमन पायरीवर आले. टोपी काढली, परत घातली.

"आकाराम चोर न्हाय," ते म्हणाले.

"मागं ऐकू आलं न्हाय!" रांगेच्या शेवटनं.

"आकाराम चोर न्हाय! मी चुकलो. हळद मी टाकली, दूध बी मीच घातलं, आणि तोंड बी मीच बांधायला लावलं!"

मामा उठला. कुणाकडं न बघता आत गेला, पंचा घेतला, हात पुसले.

"फुडं या," म्हणाला.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सर्व्हरची पूजा झाली. झाकण बंद. समोर पाटावर विड्याचं पान, पानावर हळद, कुंकू, दुधाचा थेंब. नारळ मामानं फोडला, बाहेर, पायरीवर. आज कुठल्याच हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून सकाळची फॅट पूजेआधीच उरकली. भिंतीवर फोटोच्या जागी पांढरा चौकोन राहिलाय, सगळ्या भिंतीत तेवढाच स्वच्छ.

अरिहंत आला होता. मी त्याला स्क्रूड्रायव्हर दिला. त्यानं घेतला, पूजेला पाटावर ठेवला, आणि जाताना परत विसरला. ह्या माणसाच्या मेमरीचा तीन नंबरचा खण बघायला पाहिजे.

टॉलरंटची फाईल रोज सकाळी बघते. शून्य. अजून शून्यच.

सॅक मामीनं धुवून वाळत घातलीय. वाळली की बघू.